भाजी उगवण्याआधीच पैसे भरायचे? विद्यार्थ्यांच्या सेंद्रिय शेतातला 'वाटा' म्हणजे नेमकं काय

मेसचा डबा लावताना आपण महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. टोमॅटो महागले, कांदा कडाडला, तरी मेसवाल्या काकूंनी डबा द्यायचाच असतो. महागाईचा फटका त्यांना, आपला डबा ठरल्याप्रमाणे.

आता याच्या उलट व्यवहाराची कल्पना करा. तुम्ही सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले आहेत. भाजी अजून पेरलेलीही नाही. गारपिटीने टोमॅटो गेले, तर तुम्हाला टोमॅटो मिळणार नाहीत आणि पैसेही परत मिळणार नाहीत. शिवाय हे शेत सांभाळणारे लोक विद्यार्थी आहेत. त्यांची मधेच परीक्षा येते, सुट्टी लागते आणि तीन-चार वर्षांत ते पदवी घेऊन निघून जातात.

तरीही अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या शेतांवर लोक असे पैसे भरतात. का भरतात, शेत चालतं कसं आणि यात कुणाचा फायदा होतो, ते समजून घेऊया.

'वाटा' घेतात म्हणजे काय करतात?

या पद्धतीला इंग्रजीत 'कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर' म्हणतात. थोडक्यात सीएसए. मराठीत 'वाट्याची शेती' म्हणता येईल. आपल्याकडे वाटेकरी म्हणजे जमीन कसून पिकाचा वाटा घेणारा. इथे मात्र खाणारा माणूस वाटेकरी होतो.

हिशेब सोपा आहे. समजा, एका शेताने ५० कुटुंबांना वाटे दिले. प्रत्येकाने हंगामाआधी १२ हजार रुपये भरले. म्हणजे शेताच्या हातात एकही पेंडी विकली जाण्याआधी ६ लाख रुपये आले. त्यातून बियाणं, खत, ठिबक, मजुरी हा खर्च भागतो. कर्ज काढावं लागत नाही किंवा कमी काढावं लागतं. पुढचे २० आठवडे प्रत्येक कुटुंबाला दर आठवड्याला एक टोपली मिळते. म्हणजे टोपली पडली ६०० रुपयांना.

पण हे ६०० रुपये फक्त सरासरी आहेत. जूनच्या पहिल्या टोपलीत बाजारभावाने ४०० रुपयांचीच भाजी असेल. ऑगस्टच्या टोपलीत ९०० रुपयांची असेल. काकडी बेसुमार आली तर ती घरोघर वाटली जाते. मिरचीवर रोग पडला तर त्या वर्षी मिरची नाही. नफा आणि नुकसान दोन्ही वाटून घ्यायचं, हा या व्यवहाराचा पाया आहे.

पूर्ण बुडण्याची शक्यता मात्र कमी असते. कारण अशा शेतांत एकच पीक नसतं. तीस-चाळीस प्रकारच्या भाज्या थोड्या थोड्या लावलेल्या असतात. एक गेली तरी दुसरी हाताशी असते.

ही कल्पना आली कुठून?

एकाच जागेहून नाही. जपानमध्ये १९७१ मध्ये तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने सेंद्रिय शेतीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. कीटकनाशकांच्या भीतीने धास्तावलेली शहरी कुटुंबं आणि शेतकरी यांनी थेट एकमेकांशी करार केले. या पद्धतीला 'तेइकेई' म्हणतात. शब्दाचा अर्थ भागीदारी.

अमेरिकेत अलाबामामधल्या टस्कीगी विद्यापीठातले कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली छोट्या शेतकऱ्यांना सांगत होते, की ग्राहकांचा क्लब करा, वर्षाची वर्गणी आधी घ्या आणि तोडणीला त्यांनाच शेतात बोलवा. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी आयुष्यभर काम केलं ती हीच टस्कीगी.

पुढे १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधलं 'इंडियन लाइन फार्म' आणि न्यू हॅम्पशायरमधलं 'टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्म' या दोन शेतांनी आजच्या स्वरूपातले वाटे द्यायला सुरुवात केली. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१५ च्या सर्वेक्षणात या पद्धतीने विक्री करणारी ७,३९८ शेतं नोंदली गेली.

मग विद्यार्थ्यांच्या शेतात वेगळं काय?

विद्यापीठांत शेतं होतीच. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी १८५५ मध्ये कृषी महाविद्यालय म्हणूनच सुरू झाली. सुरुवातीच्या काळात तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला रोज तीन तास अंगमेहनतीचं काम सक्तीचं होतं. नंतर शेती प्रयोगाच्या वाफ्यांत गेली आणि विद्यार्थी बाकावर बसले.

प्रयोगाच्या वाफ्यात पीक गेलं तरी अहवाल लिहिता येतो. पीक का गेलं, हाच त्या अहवालाचा विषय होतो. वाट्याच्या शेतात तसं नसतं. गुरुवारी संध्याकाळी पन्नास कुटुंबं पिशव्या घेऊन येणार असतात आणि त्यांचे पैसे फेब्रुवारीतच खर्च झालेले असतात. आगाऊ घेतलेला पैसा शेताला भांडवल देतो, आणि विद्यार्थ्यांवर बाहेरच्या माणसांची जबाबदारी टाकतो. वर्गात ही जबाबदारी शिकवता येत नाही. सीएसएमुळे शेत 'प्रात्यक्षिक' राहत नाही, ते त्यांचं काम होतं.

पण इथेच मोठी अडचण आहे. ती म्हणजे कॅलेंडरची.

मिशिगनमध्ये वसंत सत्र मेच्या सुरुवातीला संपतं. शेवटची कडाक्याची थंडी ओसरते मेच्या मध्यावर. म्हणजे टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर लावायची वेळ येते, तेव्हा विद्यार्थी सामान बांधून घरी निघालेले असतात. लावणी, खुरपणी, पाणी, तोडणी ही कामं जून ते ऑगस्टमध्ये अंगावर येतात. विद्यार्थी परततात ऑगस्टच्या शेवटी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा थंडी. ज्यांच्यासाठी शेत काढलं, तेच हंगामात गायब!

यावर उपाय काय निघाले?

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर २००७ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी केल आणि ब्रोकोली लावून सुरुवात केली. केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी. ही दोन्ही पिकं थंडीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पुढे शेत वाढलं, तसे वाटेही सुरू झाले. वाट्याचा हंगाम ठेवला शरद ऋतूत. उन्हाळ्यात मोजके विद्यार्थी थांबून शेत सांभाळतात आणि टोपल्या सुरू होतात कॉलेज उघडल्यावर, जेव्हा त्या घेणारे आणि भरणारे दोघेही कॅम्पसवर असतात.

मिशिगन स्टेटने दुसरा रस्ता धरला. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनीच सेंद्रिय शेताची मागणी लावून धरली. उद्यानविद्येचे प्राध्यापक जॉन बिअर्नबाउम यांच्यासारखे शिक्षक सोबत आले. २००३ मध्ये या 'स्टुडंट ऑरगॅनिक फार्म'ने वाटे सुरू केले, आणि तेही वर्षातल्या ४८ आठवड्यांचे. ज्या गावात जानेवारीत पारा बहुतेक वेळ शून्याखाली असतो, तिथे वर्षभर भाजी द्यायची असं ठरलं. याचा हेतू सरळ होता, विद्यार्थी वर्गात असतात तेव्हा शेतातही काम असलं पाहिजे.

बर्फात भाजी टिकते कशी?

उत्तर आहे बोगद्यासारखं अर्धगोल पॉलिहाऊस. आपल्याकडच्या जरबेराच्या पॉलिहाऊससारखंच, पण साधं. त्यात हीटर नाही. दिवसा सूर्य तापवतो तेवढीच ऊब. आत वाफ्यांवर कमी उंचीच्या कमानी लावून वरून पातळ कापड अंथरतात. आपले कलिंगड उत्पादक ज्याला क्रॉप कव्हर म्हणतात, तोच प्रकार.

मेन राज्यातले शेतकरी-लेखक एलियट कोलमन यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. त्यांचा ठोकताळा असा, की एक आवरण घातलं की शेत जणू ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकतं. मुंबई ते बंगळूरु हवाई अंतर जवळपास एवढंच आहे. आत दुसरं आवरण घातलं, की आणखी तेवढंच.

पण फक्त उबेने भागत नाही. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला, की झाडांची वाढ जवळपास थांबते. मिशिगनमध्ये साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हे दिवस असतात. या काळात पॉलिहाऊस फ्रिजसारखं काम करतं. भाजी तिथे वाढत नाही, ताजी टिकून राहते. म्हणून हिवाळ्याचा पालक नोव्हेंबरपर्यंत जवळपास पूर्ण वाढलेला असावा लागतो आणि त्यासाठी पेरणी करावी लागते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये.

तारखा पुन्हा पाहा. नेमकं तेव्हाच कॉलेज उघडतं. नवे विद्यार्थी पहिल्या आठवड्यांत पेरतात आणि त्याच सत्रात कापणीही करतात. शेतीचं कॅलेंडर आणि अभ्यासाचं कॅलेंडर असं जुळवलं गेलं.

थंडीचा एक फायदाही आहे. गोठण्यापासून वाचण्यासाठी पालक आणि गाजर साखर साठवतात. त्यामुळे हिवाळ्यातला पालक जास्त गोड लागतो.

टोपलीत काय येतं?

हंगामात जे असेल ते. तुम्ही यादी देत नाही, शेत देतं. मिशिगनच्या हवामानात साधारण असं चित्र दिसतं:

- जून: सॅलडची पानं, मुळे, मटार, स्ट्रॉबेरी, कोवळी शलगम.
- ऑगस्ट: टोमॅटो, काकडी, मक्याची कणसं, ढोबळी मिरची, झुकिनी.
- ऑक्टोबर: भोपळ्याच्या जाती, बटाटे, केल, बीट, गाजर.
- जानेवारी: पॉलिहाऊसमधला पालक आणि साठवणीतले बटाटे, कांदे, लसूण, भोपळे.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा नवलकोल आला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक वाटेकऱ्याला पडतो. म्हणून बरीच शेतं टोपलीबरोबर पाककृतीचा कागदही देतात. तो कागद बिनकामाचा नसतो. भाजी वाया जायला लागली की माणूस पुढच्या वर्षी पैसे भरत नाही.

'सेंद्रिय' आहे, हे कोण ठरवतं?

अमेरिकेत २००२ पासून राष्ट्रीय नियम लागू आहेत. 'सेंद्रिय' म्हणून विकायचं असेल, तर कापणीआधीची किमान तीन वर्षं त्या जमिनीवर बंदी असलेलं खत किंवा औषध पडलेलं नसावं लागतं. मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते. वर्षाची सेंद्रिय विक्री ५ हजार डॉलरपर्यंत असलेल्या छोट्या शेतांना प्रमाणपत्रातून सूट आहे, पण शेतीचे नियम त्यांनाही पाळावे लागतात.

विद्यार्थ्यांसाठी यात भरपूर शिकण्यासारखं असतं. उदाहरणार्थ, कच्चं शेणखत टाकलं तर ज्या भाजीचा खायचा भाग मातीला लागतो तिची काढणी १२० दिवस करता येत नाही. मातीला न लागणाऱ्या भाजीसाठी हीच मुदत ९० दिवस. कंपोस्टचा ढीग उघड्यावर लावला, तर त्याचं तापमान किमान १५ दिवस ५५ ते ७७ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं आणि त्या काळात तो पाच वेळा उलथावा लागतो. हे सगळं तारखेसह वहीत नोंदवायचं. नोंद नसेल, तर काम केलं असूनही तपासणीत ते सिद्ध करता येत नाही.

शेत खरंच विद्यार्थी चालवतात का?

काय लावायचं, किती लावायचं, कधी कापायचं, टोपलीत काय घालायचं, या निर्णयांत आणि रोजच्या कामात विद्यार्थी असतात. पण टिकलेल्या बहुतेक शेतांवर एक तरी अनुभवी, पगारी माणूस असतो. कारण साधं आहे. पंप कुठे अडतो, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कोणतं बियाणं मागच्या वर्षी फसलं, हे ज्याला माहीत असतं तो विद्यार्थी मे महिन्यात पदवी घेऊन जातो. शेताची आठवण कुणीतरी धरून ठेवावी लागते.

मजुरीचा प्रश्नही आहे. काही विद्यार्थी क्रेडिटसाठी काम करतात, काही तासाच्या पगारावर, काही आवडीने फुकट. क्रेडिट आणि आवड हिशेबातून काढली तर बरीच शेतं तोट्यात दिसतील. जमीन विद्यापीठाची, शेड विद्यापीठाची. म्हणून 'विद्यार्थ्यांचं शेत नफ्यात आहे' असं कुणी म्हणालं, तर नफा मोजताना काय धरलं आणि काय सोडलं ते विचारायला हवं. शेजारचा शेतकरी जमिनीचं भाडं आणि पूर्ण मजुरी भरून तीच भाजी विकत असतो. विद्यापीठाने स्वस्तात वाटे दिले, तर फटका त्याला बसतो. त्यामुळे दर बाजाराच्या बरोबरीने ठेवणं हेच त्या शेतकऱ्याच्या बाबतीत न्याय्य ठरतं.

मग ही भाजी फक्त खाऊनपिऊन सुखी लोकांसाठी आहे का?

हा या पद्धतीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप. हंगामाचे पैसे एकदम भरण्याची ऐपत सगळ्यांची नसते. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत मिळते. २०१४ च्या कृषी कायद्याने ती सीएसएमध्ये वापरायची मुभा दिली. पण भाजी हातात येण्याच्या १४ दिवसांपेक्षा आधी हे पैसे घेता येत नाहीत. सीएसए उभी राहते कित्येक महिने आधी आलेल्या पैशांवर. म्हणजे गरीब कुटुंबाला वाटा द्यायचा, तर त्याच्या हिश्शाचं भांडवल शेताने दुसरीकडून उभं करायला हवं.

काही शेतं हप्ते देतात. काही अर्धा वाटा देतात. काही ठिकाणी सधन सभासद थोडे जास्त भरतात आणि त्यातून दुसऱ्याचा वाटा स्वस्त होतो.

भूक कॅम्पसवरही आहे. मिशिगन स्टेटमध्येच १९९३ पासून विद्यार्थ्यांची अन्नपेढी चालते. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेली अशी देशातली पहिली अन्नपेढी म्हणून ती ओळखली जाते. एकाच कॅम्पसवर सेंद्रिय टोपल्याही आहेत आणि अन्नपेढीही. टोपलीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे असं काही आहे का?

वाट्याची पद्धत महाराष्ट्राला अगदी नवी नाही. मुंबईत सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहकांच्या 'मोफका' या संघटनेने 'हरी भरी टोकरी' नावाने अशीच आगाऊ पैसे भरून आठवड्याची टोपली देण्याची योजना चालवली. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ किंवा आंब्याच्या पेट्या आधी सांगून ठेवणारी घरंही आपल्याला माहीत असतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत, कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' हा कार्यक्रम आहे. त्यात गावात राहून कार्यानुभव घेणं आणि प्रत्यक्ष उत्पादन करून शिकणं, असे दोन्ही भाग येतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांतले विद्यार्थी यातून जातात. पण आगाऊ पैसे भरलेले वाटेकरी असावेत, अशी त्यात अट नाही. म्हणजे शिकणं आहे, उत्पादन आहे, पण दर आठवड्याला पिशवी घेऊन दारात उभा राहणारा माणूस नाही.

गंमत म्हणजे कॅलेंडर आपल्या बाजूने आहे. आपल्याकडे वर्ग साधारण जून-जुलैत सुरू होतात, तेव्हाच खरिपाची पेरणी असते. रब्बी दुसऱ्या सत्रात येतो. मोठी सुट्टी लागते ती कडक उन्हाळ्यात, जेव्हा कोरडवाहू रानं तशीही मोकळी असतात. मिशिगनला पॉलिहाऊस उभारून जे जुळवावं लागलं, ते आपल्याकडे आधीच बरंचसं जुळलेलं आहे. प्रश्न उरतो पाण्याचा आणि दिवाळीच्या सुट्टीत तोडणी कोण करणार याचा.

वाटा घेण्याआधी काय विचाराल?

कुणी तुम्हाला अशी टोपली देऊ केली, तर हे प्रश्न विचारा:

१. किती आठवडे मिळणार आणि अर्धा वाटा आहे का?
२. पीक बुडालं तर काय? पैसे परत, दुसरी भाजी की काहीच नाही? हे लेखी आहे का?
३. सगळी भाजी याच शेतातली, की बाहेरून आणून भरलेली?
४. 'सेंद्रिय' कशाच्या आधारावर म्हणता? प्रमाणपत्र, गटाची तपासणी, की फक्त तोंडी हमी? भारतात 'जैविक भारत' ही खूण किंवा पीजीएस प्रमाणपत्र पाहता येतं.
५. शेत बघायला येता येईल का?
६. सुट्टी आणि परीक्षेच्या काळात शेतावर कोण असतं?

शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या शेतासाठी सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर नावानिशी आणि तारखांसह मिळालं, तर पैसे भरायला हरकत नाही. 'बघू, कुणीतरी असेल' असं ऐकू आलं, तर त्या वर्षी बाजारातूनच भाजी आणलेली बरी.